अंगावर पाणी वागवण्याची साधनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पळणं, डोंगर चढणं, सायकल, होडी यांपैकी काहीही करताना हात मोकळे ठेवून पाणी सोबत न्यायचं असेल, तर पाठ, छाती, कंबर आणि मनगट एवढ्याच जागा हाताशी असतात. त्या जागांसाठी निघालेल्या साधनांबद्दल सतत येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो: लोक लिटर बघून खरेदी करतात आणि पुढे पस्तावतात ते पाणी हलण्यावरून, भरण्यावरून आणि धुण्यावरून. त्यामुळे बरीचशी उत्तरं या तीन गोष्टींभोवतीच फिरतील.

बाजारात नेमके कोणते प्रकार आहेत?

पाठीवरच्या पिशवीत बसणारं ब्लॅडर, म्हणजे नळी लावलेली प्लास्टिकची चपटी थैली. हे साधारण 1 ते 3 लिटरचं असतं. छातीवर दोन मऊ बाटल्या ठेवायची व्हेस्ट. या बाटल्यांना सॉफ्ट फ्लास्क म्हणतात आणि त्या 150, 250 किंवा 500 मिलीच्या येतात. कमरेचा पट्टा, एका बाटलीचा किंवा छोट्या छोट्या अनेक बाटल्यांचा. तळहाताला पट्ट्याने अडकवायची बाटली. मनगटावर गुंडाळायची शे-दोनशे मिलीची पिशवी. शिवाय ज्यांच्यात पाण्याची जागा शिवूनच येते असे कपडे: पाठीवर खिसा असलेल्या सायकलच्या बिब शॉर्ट्स (खांद्यावर पट्टे येणाऱ्या चड्ड्या), कमरेभोवती ताणून बसणारे जाळीचे पट्टे, जर्सीच्या आत घालायचे ब्लॅडरवाले बनियन. टोपीला बाटल्या लावलेलं प्रकरणही मिळतं. ते मैदानात बसून सामना बघायला ठीक आहे. मानेवर अर्धा किलो डुलवत पळू नका.

ही नळीची कल्पना आली कुठून?

1989 साली मायकल आयडसन या अमेरिकी आरोग्यसेवकाने टेक्सासमधल्या ‘हॉटर एन हेल हंड्रेड’ या शंभर मैलांच्या सायकल फेरीसाठी सलाइनची पिशवी पाण्याने भरली, लांब मोज्यात घातली आणि मोजा जर्सीच्या पाठीला जोडला. नळी खांद्यावरून पुढे आणली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने दाबून ठेवली. त्यातूनच पुढे पाठीवरची ब्लॅडर बनवणारी कॅमलबॅक ही कंपनी उभी राहिली. आजच्या महागड्या पॅकमध्येही भाग तेच आहेत: थैली, थैली न हलू देणारं कापड, नळी आणि नळी बंद ठेवणारं काहीतरी. घरच्या घरी काही जमवायचं असेल तर या चार गोष्टी डोळ्यांपुढे ठेवा.

माझ्यासाठी किती लिटर पुरे?

हिशेब सोपा आहे: दोन पाणवठ्यांमधले तास गुणिले तासाला लागणारं पाणी, अधिक अर्धा लिटर राखीव. पाणवठा तीन तासांवर असेल आणि तासाला अर्धा लिटर लागत असेल, तर 2 लिटर. पूर्ण दिवसाचं पाणी एकदम उचलायची गरज क्वचितच पडते. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि तो किलो प्रत्येक पावलाला वर-खाली होतो.

तासाला किती लागतं हे माणसागणिक वेगळं असतं. घाम तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उसना घेण्यात अर्थ नाही. स्वतःचा काढा: लघवीला जाऊन या, कमीत कमी कपड्यांत वजन करा, एक तास नेहमीच्या वेगाने पळा, अंग पुसून पुन्हा वजन करा. समजा आधी 68.0 किलो भरलं, नंतर 67.2 आणि मधे 300 मिली पाणी प्यायलात. म्हणजे 800 अधिक 300, असा 1.1 लिटर घाम गेला. मधे लघवीला गेलात तर हिशेब बिघडतो, तेवढं टाळा. थंडीत आणि उन्हात वेगवेगळी मोजणी करा, दोन्ही आकड्यांत मोठा फरक निघेल.

मग गेलेला सगळा घाम पाण्याने भरून काढायचा का?

नाही. पाठीवर तीन लिटर आहेत आणि नळी ओठांशी आहे म्हणून अखंड चोखत राहणं धोक्याचं आहे. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम विरळ होतं. पोट डबडबतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते, मळमळ आणि डोकेदुखी सुरू होते, पुढे माणूस गोंधळतो आणि झटकेही येऊ शकतात. व्यायामानंतर वजन आधीपेक्षा वाढलेलं असणं ही सरळ खूण आहे. अशा माणसाला ‘पाणी कमी पडलं असेल’ म्हणून आणखी पाणी पाजू नका, डॉक्टरकडे न्या. या विषयावरच्या तज्ज्ञांच्या 2015 च्या आंतरराष्ट्रीय बैठकीत सल्ला ठरला तो साधाच: तहान लागेल तसं प्या. घामाच्या मोजणीचा उपयोग पाणी किती न्यायचं हे ठरवायला करा, किती ढोसायचं हे ठरवायला नाही.

ब्लॅडर घेऊ की सॉफ्ट फ्लास्क?

पाणवठे दूर असतील, चाल संथ असेल आणि पाठीवर इतर सामान असणारच असेल, तर ब्लॅडर. पाणवठे जवळ असतील आणि पळायचं असेल, तर छातीवर दोन 500 मिलीचे फ्लास्क. फ्लास्कचा मोठा फायदा म्हणजे किती उरलं ते दिसतं. भरायला पॅक उतरवावी लागत नाही. एकात साधं पाणी आणि दुसऱ्यात क्षारांचं, अशी वाटणी करता येते. आणि एक फुटला तरी दुसरा शाबूत राहतो. ब्लॅडर फाटलं की सगळं पाणी आणि पाठीवरचे कोरडे कपडे, दोन्ही एकदम जातात.

ब्लॅडरची जमेची बाजू म्हणजे वजन पाठीच्या कण्याजवळ बसतं आणि डोंगर उतरताना हात न लावता घोट घेता येतो. लांब चालीला अजून तरी त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. मात्र 3 लिटरचं ब्लॅडर घेऊन त्यात दीडच लिटर भरायची सवय असेल, तर दोन लिटरचंच घ्या. अर्ध्या भरलेल्या मोठ्या थैलीत पाणी तळाशी जमतं आणि पाठीवर फुगवटा येतो. मधे उभा जोड किंवा पडदा असलेली थैली चपटी राहते.

पळताना पाठीवर ‘डुबुक डुबुक’ आवाज येतो. काय करू?

आवाज पाण्याचा नसतो, आत राहिलेल्या हवेचा असतो. ब्लॅडर भरून तोंड बंद करा आणि उलटं धरा, म्हणजे नळीचा जोड वर येईल आणि हवा तिथे गोळा होईल. आता नळीतून चोखा. आधी हवा येईल, मग पाणी. पाणी आलं की ब्लॅडर सुलटं करून पॅकमध्ये घाला. अर्धं भरलेलं असलं तरी ही युक्ती चालते, कारण थैली मऊ असल्याने ती पाण्याभोवती आक्रसते.

फ्लास्कचं तंत्र वेगळं. काठोकाठ भरा, बाजूंनी हलकं दाबून पाणी अगदी गळ्याच्या कडेला आणा आणि तसंच दाबलेलं असताना झाकण फिरवा. कडक बाटल्यांना यावर इलाज नाही. त्या रिकाम्या होतील तशा वाजणारच.

व्हेस्ट छातीवर उडते आणि बगलेत खरचटतं. साइज चुकला का?

बहुतेकदा हो, आणि तो मोठाच निघालेला असतो. छातीचा घेर सर्वांत रुंद जागी मोजा आणि दोन साइजच्या सीमेवर असाल तर धाकटा घ्या. दुकानात रिकामी व्हेस्ट घालून बघणं निरुपयोगी आहे; फ्लास्क भरून आत घाला, दोन मिनिटं जागेवर उड्या मारा, हात डोक्यावर न्या, पूर्ण श्वास घ्या. पट्टे आवळून व्हेस्ट बसत असेल पण खोल श्वास अडत असेल, तर तोही चुकीचाच साइज.

आणखी एक कारण वाटेत तयार होतं. फ्लास्क रिकामे होतात तसा छातीवरचा घेर कमी होतो आणि सकाळी नीट बसलेली व्हेस्ट दोन तासांनी सैल पडते. म्हणून दर पाणवठ्याला छातीचे पट्टे पुन्हा आवळायचे. बाजूचे पट्टे एकदाच लावायचे आणि विसरायचे. उजवा फ्लास्क संपवून मग डाव्याला हात घालणाऱ्यांची व्हेस्ट एका बाजूला ओढली जाते. आलटून पालटून प्या.

खरचटण्यासाठी बगलेतली शिवण तपासा. आतल्या बाजूला पायपिंगची कडक कड असेल तर तिथे घासणारच. ती जागा आधी पेट्रोलियम जेलीने माखा आणि बिनबाह्यांच्या बनियनऐवजी छोट्या बाह्यांचा शर्ट घाला.

बायकांना छातीवरचे फ्लास्क टोचतात. पर्याय काय?

फ्लास्कची जागा खाली, फासळ्यांच्या बाजूला असलेली व्हेस्ट बघा. त्यात फ्लास्कला लांब नळी लागते, नाहीतर दर घोटाला मान वाकवावी लागते. छातीचा वरचा पट्टा गळ्याच्या हाडाखाली आणि दुसरा स्तनांच्या खाली घेता येईल, असे पट्टे सरकवायची सोय हवी. पट्टे एकाच जागी शिवून टाकलेले असतील तर ती व्हेस्ट सोडून द्या. धावायची ब्रा घालूनच माप घ्या, घेर बराच बदलतो.

कमरेचा पट्टा वर सरकतो किंवा गोल फिरतो, का?

पोटावर बांधलेला असतो म्हणून. तो नितंबाच्या हाडांवर, म्हणजे बेंबीच्या बराच खाली बसायला हवा. पोटावर तो अरुंद जागेकडे सरकत राहतो, हाडांवर टेकला की कमी सरकतो. वजनाचीही मर्यादा आहे: पळताना 500–600 मिलीपुढे कोणताही पट्टा शांत बसत नाही. बाटली आडवी किंवा तिरकी ठेवणारा पट्टा उभ्या बाटलीपेक्षा कमी उडतो. कंबरभर ताणून बसणाऱ्या जाळीच्या पट्ट्यात मागच्या दोन बाजूंना अडीचशे मिलीचे दोन फ्लास्क ठेवले, तर बकलचा पट्टा लागतच नाही. आमच्या मते अर्ध्या-पाऊण तासापेक्षा मोठ्या पण दोन तासांच्या आतल्या धावेसाठी हीच सर्वांत चांगली सोय आहे. सायकलवर मात्र गणित बदलतं. कंबर जवळजवळ स्थिर असल्याने दीड लिटरचा नळीवाला कंबरपॅकही तिथे चालतो.

पॅक ओली झाली. गळती शोधायची कशी?

आधी खात्री करा की ती गळतीच आहे. पाठ आणि पॅक यांच्यामध्ये घाम साचतो, थंड पाण्याच्या ब्लॅडरवर बाहेरून दव धरतं आणि दोन्ही गळतीसारखेच दिसतात. ब्लॅडरवर उगाच आळ येण्याचं सर्वांत मोठं उदाहरण अंतराळातलं आहे. अंतराळवीराच्या पोशाखात छातीपाशी पिण्याच्या पाण्याची पिशवी आणि हेल्मेटपर्यंत येणारी नळी असते. जुलै 2013 मध्ये अंतराळचालीनंतर लुका पार्मितानो यांच्या हेल्मेटमध्ये पाणी सापडलं, तेव्हा दोष त्या पिशवीवर ठेवला गेला. पुढच्याच चालीत, 16 जुलैला, हेल्मेटमध्ये इतकं पाणी जमलं की ती अर्ध्यात सोडावी लागली. खरी गळती पोशाख थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतून होती. तेव्हा आधी चाचणी, मग निदान.

चाचणी अशी: ब्लॅडर पूर्ण भरा, बाहेरून कोरडं पुसा, वर्तमानपत्रावर आडवं ठेवा आणि वर दोन जाड पुस्तकं ठेवा. दहा मिनिटांनी कागद कुठे ओला झाला ते बघा.

झाकणापाशी ओला असेल तर फिरकीच्या आट्यांत वाळूचा कण असतो किंवा झाकण तिरकं बसलेलं असतं. आधी उलट दिशेने हलकं फिरवा, ‘टक’ करून आटे जुळले की मग घट्ट करा. घडी घालून वरून पट्टी सरकवायची थैली असेल तर पट्टी शेवटपर्यंत गेली नसते, किंवा घडीत क्षारांच्या पावडरचे कण अडकलेले असतात. नळीच्या जोडापाशी ओलं असेल तर आतली रबरी रिंग काढून धुवा. चिरली असेल तर बदला. आणि नळीच्या टोकाशी ओलं असेल तर चावून उघडायची तोटी झिजली आहे. तिच्यातली चीर बोटाने दाबून बघा. दाब काढल्यावर ती पूर्ण मिटत नसेल तर तोटी नवीन घ्यावी.

तोटी चांगली असूनही पॅक जमिनीवर टाकल्यावर पाणी जातं, याचं कारण वेगळं. तोटी पाण्याच्या पातळीखाली येते, त्यातच कोणीतरी पॅकला टेकून बसतं आणि थैली दाबली जाते. नळीवरची बंद करायची कळ यासाठीच असते. पॅक खाली ठेवण्याआधी, आणि गाडीच्या डिकीत टाकण्याआधी तर नक्कीच, ती फिरवा.

पहिला घोट उन्हात गरम आणि हिवाळ्यात बर्फ! काही उपाय?

एक मीटर लांब आणि आतून 6.4 मिमी व्यासाच्या नळीत सुमारे 32 मिली पाणी राहतं, म्हणजे जेमतेम एक घोट. तेवढंच तापतं किंवा गोठतं. पिऊन झालं की नळीत फुंकर मारा, पाणी परत थैलीत जातं आणि प्रश्न मुळातच मिटतो. मात्र फुंकरीने थैलीत थोडी हवा जाते, म्हणजे डुबुक आवाज परत येतो. उन्हाळ्यात आवाज नको की गरम घोट नको, हे ज्याचं त्याने ठरवावं. हिवाळ्यात मात्र फुंकर मारलीच पाहिजे.

कडाक्याच्या थंडीत सर्वांत आधी तोटी गोठते, मग नळी, आणि थैली सर्वांत शेवटी. म्हणून नळी जाकिटाच्या आतून घ्या आणि तोटी गळ्यापाशी कपड्याखाली ठेवा. निओप्रीनचं (फोमसारख्या रबराचं) आवरण वेळ वाढवतं, गोठणं थांबवत नाही. थैलीत कोमट पाणी भरायला हरकत नाही, उकळतं नको, जोड सुटतात. तापमान शून्याच्या बरंच खाली असेल तर नळी विसरा आणि रुंद तोंडाची बाटली उलटी ठेवून न्या. बर्फ वरच्या बाजूला धरतो, म्हणजे उलट्या बाटलीत तो बुडाशी राहतो आणि झाकण उघडतं.

धुण्याची खरी पद्धत सांगा.

फक्त साधं पाणी वापरलं असेल तर घरी आल्यावर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब पुरतात. नळीतूनही तेच पाणी पिळून काढा आणि तोटी चिमटीत दाबून धुवा. वास येत असेल तर लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घाला, अर्धा तास ठेवा, नळीतही भरून ठेवा. नव्या थैलीचा प्लास्टिकचा वासही याने जातो, लागल्यास रात्रभर ठेवा.

काळे ठिपके दिसले की ती बुरशी. नळीत एक मीटर लांबीचा बारीक ब्रश घाला. मग लिटरभर पाण्यात 5 मिली बिनवासाचं, साधारण 5 टक्क्यांचं घरगुती ब्लीच घालून दहा मिनिटं ठेवा आणि तीन वेळा खळखळून धुवा. ब्लीचसोबत लिंबू किंवा व्हिनेगर कधीही वापरू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. थैलीतले डाग राहिले तरी ती स्वच्छ असू शकते. नळीतले ठिपके मात्र ब्रशनेही गेले नाहीत तर नळी बदला. ती तुलनेने स्वस्त असते.

खरा घोळ वाळवण्यात होतो. थैलीच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटतात आणि मधे ओल राहते. तोंड उघडं ठेवून, आत अंडं फेटायची जाळी किंवा कागदाचा बोळा घालून, उलटी टांगा. नळी काढून एक टोक धरून गरगरा फिरवा, उरलेले थेंब बाहेर फेकले जातात. रोज वाळवत बसण्याचा कंटाळा असेल तर धुतलेली ओली थैली सरळ फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे बुरशी वाढत नाही. बाहेर काढल्यावर लगेच घडी उलगडू नका, कडक झालेलं प्लास्टिक चिरतं.

इलेक्ट्रोलाइटचं पेय ब्लॅडरमध्ये भरलं तर चालेल?

चालतं, पण साखर असेल तर काही तासांतच नळीच्या आतल्या भिंतीवर बुळबुळीत थर धरायला सुरुवात होते. साखर नसलेल्या गोळ्या कमी त्रास देतात. शिस्त अशी ठेवा: ब्लॅडरमध्ये पाणी, फ्लास्कमध्ये पेय. फ्लास्कचं तोंड बाटलीच्या ब्रशला पुरतं, नळीचं नाही. ओआरएसचं पाकीट न्यायचं असेल तर पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच घोळा. लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या फ्लास्कमध्ये ओतलं तर द्रावण दुप्पट दाट होतं आणि पोट बिघडतं.

भोक पडलं. दुरुस्त होतं का?

बारीक भोक होतं. थैलीत हवा भरा, पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील तिथे पेनाने गोल करा. थैली कोरडी करून ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टीपीयूची (थर्मोप्लास्टिक पॉलीयुरेथेन या मऊ प्लास्टिकची) थैली असेल तर युरेथेनचा गोंद किंवा टीपीयूचं स्वतः चिकटणारं ठिगळ बाहेरून लावा. ठिगळ भोकापेक्षा सगळीकडून सेंटीमीटरभर मोठं आणि कोपरे गोल कापलेले हवेत. गोंद रात्रभर वाळू द्या. सिलिकॉनच्या थैलीला फक्त सिलिकॉनच चिकटतं. कडेचा जोड उसवला असेल तर वेळ घालवू नका, दाबाखाली तो पुन्हा सुटणारच.

वाटेतलं ओढ्याचं पाणी थेट भरता येईल का?

फिल्टर लावून येईल. पोकळ तंतूंचे 0.1 मायक्रॉनचे फिल्टर सॉफ्ट फ्लास्कच्या झाकणात बसणारेही येतात आणि नळीच्या मधे लावायचेही. घेताना फ्लास्कच्या तोंडाचा व्यास जुळवा: 28 आणि 42 मिमी हे दोन जास्त आढळतात आणि एकाचा फिल्टर दुसऱ्यावर बसत नाही. हे फिल्टर जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतात. विषाणू मात्र त्याहून बारीक असतात, त्यामुळे वस्तीखालच्या पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या किंवा उकळणं हवंच.

नळीतला फिल्टर लावताना बाण तोटीकडे ठेवा. लक्षात घ्या, या रचनेत थैली मळक्या पाण्याची होते. नंतर तिच्यात नळाचं पाणी भरून फिल्टरशिवाय पिऊ नका. आणि एकदा ओला झालेला फिल्टर गोठू देऊ नका. तंतू आतून फुटतात, बाहेरून काहीच दिसत नाही, पाणी उलट जोरात येऊ लागतं आणि माणसाला वाटतं फिल्टर सुधारला. थंडीत रात्री तो झोपायच्या पिशवीत, अंगाजवळ ठेवा.

जुन्या पॅकच्या पट्ट्यावर फ्लास्कचा खिसा शिवायचा आहे. मापं कशी घ्यायची?

फ्लास्क भरूनच मापा. समजा भरल्यावर घेर 24 सेंमी आहे. मागचं कापड न ताणणारं घ्या, शिवून झाल्यावर 9 सेंमी रुंद. पुढच्या कापडाला उरतात 15 सेंमी. पुढे नायलॉन-स्पँडेक्सची जाळी वापरा आणि ती दहा टक्के कमी कापा, म्हणजे 13.5; दोन्ही बाजूंना शिवणीचा एकेक सेंमी धरून 15.5. उंची फ्लास्कच्या खांद्यापर्यंत नको, त्याच्या दोन-तीन सेंमी खाली ठेवा, म्हणजे भरलेला फ्लास्क पकडून आत ढकलता येतो. वर 2 सेंमी दुमडून त्यात इलॅस्टिक घाला.

धागा पॉलिस्टरचा, टाका नागमोडी. सरळ टाका जाळी ताणली की तुटतो. खिशाची वरची दोन्ही टोकं पुढे-मागे टाके मारून पक्की करा, पहिली उसवण तिथेच होते.

बहुतेक घरगुती खिशांत एक गोष्ट राहून जाते: फ्लास्क रिकामा होऊ लागला की तो खिशात घडी होऊन खाली बसतो आणि तोटी कापडात गायब होते. यासाठी खिशाच्या वर, पट्ट्यावर, 3 मिमीच्या लवचिक दोरीचा एक फास शिवा आणि तो फ्लास्कच्या गळ्यात अडकवा. गळा वर टांगलेला राहिला की फ्लास्क शेवटच्या घोटापर्यंत उभा राहतो.

बर्फ ठेवायचे कपडे खरंच उपयोगी असतात का?

कडक उन्हातल्या लांब शर्यतींत हो. मानेभोवती बांधायचा, आत बर्फाचा खिसा असलेला रुमाल, तशाच बाह्या आणि टोपी असे प्रकार येतात. एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता शोषतो. तेच पाणी शून्यापासून 37 अंशांपर्यंत तापताना फक्त 155. म्हणून थंड पाण्यापेक्षा बर्फ नेणं कितीतरी जास्त फायद्याचं. रुमालाचं कापड पाणी झिरपू देणारं हवं, कारण वितळलेलं पाणी अंगावरून वाहून वाळतं तेव्हाही गारवा मिळतो. दमट हवेत वाळणं मंदावतं, तिथे निम्मा फायदा गेलाच. ओघळ थेट बुटात जाणार नाहीत याची सोय बघा, ओल्या मोज्यांनी फोड येतात.

शर्यतीत पाणी सोबत नेण्याला काही नियम असतात?

असतात, दोन्ही बाजूंनी. डोंगरी धावांत किमान पाणी सक्तीचं असू शकतं. आल्प्समधल्या यूटीएमबी या डोंगरी शर्यतीच्या सक्तीच्या सामानात किमान 1 लिटर पाणी आणि किमान 150 मिलीचा स्वतःचा पेला येतो. सायकल आणि ट्रायथलॉनमध्ये उलट आहे: सूटच्या आत छातीवर बाटली ठेवली की वाऱ्याचा विरोध कमी होतो, म्हणून त्यावर बंधनं आली आहेत. त्या त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचूनच सूट शिवा किंवा विकत घ्या.

होडी वल्हवताना ब्लॅडर कुठे?

लाइफ जॅकेटच्या पाठीवर, आणि तेही जॅकेटच्या उत्पादकाने तशी सोय दिली असेल तरच. गोड्या पाण्यात पाण्याची भरलेली थैली ना बुडवते ना तरंगवते, पण जॅकेट आणि अंग यांच्यामध्ये कोंबली तर जॅकेट नीट बसत नाही. जॅकेटला स्वतः टाके मारू नका. नळीचा मोठा वेढा बाहेर लोंबत ठेवू नका, उलटल्यावर तो अडकतो.

नळीतून किती प्यायलो ते कळतच नाही.

घोट मोजा. घरी ब्लॅडर मोजून भरा, नळीतून नेहमीसारखे दहा घोट घ्या आणि किती कमी झालं ते बघा. 250 मिली गेलं असेल तर तुमचा घोट 25 मिलीचा. पुढे घड्याळ आणि घोट एवढंच लक्षात ठेवायचं.

नळी धरून ठेवणारं चुंबक चालेल ना?

सोयीचं आहे, पण होकायंत्र छातीशी धरून दिशा बघत असाल तर सुई त्या चुंबकाकडे वळते. बर्फाळ डोंगरात हिमस्खलन ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचं यंत्र) वापरत असाल तर त्यालाही चुंबकाचा अडथळा होतो. पेसमेकर असलेल्यांनी छातीवर चुंबक नकोच. साधी प्लास्टिकची चिमटी हेच काम करते.

विमानात भरलेलं ब्लॅडर नेता येतं?

हातातल्या सामानात, 100 मिलीची मर्यादा आहे तिथे, नाही. रिकामं न्या, तपासणीनंतर भरा. भरलंत तर कळ उघडून हवा काढा, वर गेल्यावर उरलेली हवा फुगते आणि तोटीतून पाणी ठिबकतं.

व्हेस्ट वॉशिंग मशीनमध्ये टाकू का?

फ्लास्क काढून, चेन आणि बकलं लावून, जाळीच्या पिशवीत, थंड पाण्यात आणि सौम्य साबणाने टाका. फॅब्रिक सॉफ्टनर नको, जाळीची घाम शोषून वाळण्याची क्षमता जाते. ड्रायरही नको, इलॅस्टिक ढिलं पडतं. मशीन नसेल तर बादलीत अर्धा तास भिजवून पिळा. घामाचं मीठ पट्ट्यांत राहिलं की ते कडक होऊन सँडपेपरसारखं घासतं.